लिहिता न येणाऱ्या बाईचे पुस्तक : मार्जरी केम्पची कहाणी

१४१७ सालची गोष्ट. इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कजवळच्या कॉवुड गावी, आर्चबिशपच्या प्रार्थनामंदिरात एका बाईला चौकशीसाठी उभे केले होते. वय चव्वेचाळीसच्या आसपास. चौदा मुलांची आई. लिहिता-वाचता न येणारी. समोर यॉर्कचा आर्चबिशप हेन्री बोवेट आणि त्याच्याभोवती धर्मशास्त्राचे जाणकार. बेड्या आणण्याचा हुकूम झाला होता. बाईचे हात इतके थरथरत होते की ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिने ते कपड्यांखाली लपवले.

तिचा गुन्हा काय होता? चोरी नाही, मारामारी नाही. ती धर्माबद्दल बोलत होती. रस्त्यात, जेवणाच्या मेजावर, यात्रेच्या वाटेवर, भेटेल त्याच्याशी बोलत होती. चुकीचे वागणाऱ्या पाद्र्यांना तोंडावर चूक सांगत होती. बाई असून, लग्न झालेली असून, अडाणी असून बोलत होती. तिचे नाव मार्जरी केम्प.

आपण बौद्ध तरुणांनी सहाशे वर्षांपूर्वीच्या एका ख्रिस्ती बाईची कहाणी का वाचायची, असे कुणी विचारेल. उत्तर सरळ आहे. धर्मग्रंथ ज्यांच्या हातात, बोलण्याचा अधिकार त्यांचाच, हा नियम आपल्या ओळखीचा आहे. तो नियम दुसऱ्या देशात, दुसऱ्या धर्मात एका बाईला कसा भोवला आणि तिने त्यातून वाट कशी काढली, हे समजून घेतले तर आपल्या घरातल्या बायांचे बोलणेही आपल्याला वेगळे ऐकू येईल.

तो काळ कसा होता

मार्जरीचा जन्म १३७३ च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिन या बंदराच्या गावी झाला. आज त्याला किंग्ज लिन म्हणतात. वडील जॉन ब्रनहॅम हे मोठे व्यापारी. पाच वेळा गावचे महापौर झालेले, पार्लमेंटमध्येही बसलेले. अशा घरातली मुलगी असूनही तिला लिहायला शिकवले गेले नाही. धर्माची भाषा लॅटिन, आणि लॅटिन पाद्र्यांची. बायकांनी ऐकायचे, मान डोलवायची आणि पापांची कबुली द्यायची.

याच काळात जेफ्री चॉसर हा कवी आपल्या कँटरबरीच्या कथा लिहीत होता. त्यातले सर्वांत गाजलेले स्त्रीपात्र म्हणजे बाथ गावची बाई. पाच नवरे झालेली, कापड विणण्याच्या धंद्यात तरबेज, तीनदा जेरुसलेमची यात्रा केलेली. लग्न या विषयावर बोलायला मला ग्रंथाची गरज नाही, माझा अनुभव पुरेसा आहे, अशी तिची भूमिका. तिचा पाचवा नवरा शिकलेला. तो रोज रात्री वाईट बायकांच्या गोष्टींचे एक जाडजूड पुस्तक तिला वाचून दाखवतो. एके दिवशी ती त्या पुस्तकाची पाने फाडते. नवरा तिला मारतो आणि ती एका कानाने बहिरी होते. पुस्तके पुरुषांनी लिहिली म्हणून त्यात बाया वाईट दिसतात, बायांनी लिहिली असती तर चित्र उलटे दिसले असते, असा तिचा मुद्दा आहे.

मुद्दा बिनतोड आहे. पण बाथची बाई हे एका पुरुषाने कल्पिलेले पात्र आहे. तिच्या तोंडचा प्रत्येक शब्द चॉसरचा आहे. चॉसर १४०० मध्ये वारला. त्यानंतर काही वर्षांतच लिनची एक खरी हाडामांसाची बाई आपला अनुभव घेऊन थेट बिशपांच्या दारात उभी राहिली. चॉसरच्या पात्राला जाळण्याची धमकी कुणी देऊ शकत नव्हते. मार्जरीला अनेकांनी दिली.

ती धमकी पोकळ नव्हती. १४०१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने पाखंडी लोकांना जिवंत जाळण्याचा कायदा केला. त्याच वर्षी विल्यम सॉट्री या पाद्र्याला लंडनमध्ये जाळण्यात आले. हा सॉट्री पूर्वी लिनमध्ये, मार्जरीच्याच सेंट मार्गारेट चर्चमध्ये काम करीत असे. १४०९ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस अरुंडेल याने आणखी नियम लागू केले. परवान्याशिवाय प्रवचन करायचे नाही, परवानगीशिवाय बायबलचे इंग्रजीत भाषांतर करायचे नाही. लोकांच्या भाषेत धर्मग्रंथ हवा म्हणणाऱ्या सुधारकांना लोलार्ड म्हणत, आणि लोलार्ड ठरणे म्हणजे चितेच्या जवळ जाणे होते.

आजारपण, धंदा आणि अपयश

विशी ओलांडल्यावर मार्जरीचे जॉन केम्प याच्याशी लग्न झाले. पहिल्या बाळंतपणानंतर ती फार आजारी पडली. मरणार या भीतीने तिने पाद्र्याला बोलावले. मनात वर्षानुवर्षे दाबून ठेवलेले एक पाप तिला सांगायचे होते. ती सांगण्याच्या बेतात असतानाच पाद्री तिच्यावर खेकसला आणि बोलणे अर्धवट राहिले. त्यानंतर तिचे भान गेले. सुमारे आठ महिने ती भ्रमिष्ट अवस्थेत होती. स्वतःला इजा करू नये म्हणून तिला बांधून ठेवत. तिने स्वतःचा हात असा चावला की तो व्रण जन्मभर राहिला.

आजचे डॉक्टर याला बाळंतपणानंतरचा मानसिक आजार म्हणतील. मार्जरीच्या समजुतीप्रमाणे एके दिवशी येशू जांभळे रेशमी वस्त्र पांघरून तिच्या पलंगाच्या कडेला येऊन बसला आणि ती भानावर आली. भानावर येताच तिने नवऱ्याकडे काय मागितले? कोठीघराच्या किल्ल्या. नोकरचाकर देऊ नका म्हणत होते, पण नवऱ्याने दिल्या. आपल्या घरातले खाणेपिणे आपल्या हाताने घेण्याचा हक्क तिने आधी परत मिळवला.

त्यानंतर ती लगेच संत झाली असे नाही. तिला भारी कपड्यांची हौस होती. नवरा टोकायला लागला की आपण कुणाची लेक आहोत याची ती त्याला आठवण करून देई. पैसा हवा म्हणून तिने बिअर गाळण्याचा धंदा सुरू केला. तीन-चार वर्षे ती गावातल्या मोठ्या धंदेवाल्यांत गणली गेली. मग फेस बसू लागला, माल बिघडू लागला, पैसा बुडाला. नंतर तिने घोड्यांवर चालणारी दळणाची गिरणी काढली, तर घोडे पुढे पाऊल टाकेनात. गावात बोलबाला झाला की हिला शाप आहे. हे सगळे तिने पुढे आपल्या पुस्तकात स्वतःहून सांगितले आहे.

नवऱ्याशी केलेला करार

या अपयशानंतर तिचे मन धर्माकडे वळले. तिला ब्रह्मचर्य पाळायचे होते. पण त्या काळच्या चर्चच्या कायद्यात विवाहित स्त्रीच्या शरीरावर नवऱ्याचा हक्क होता. त्याच्या संमतीशिवाय तिला ब्रह्मचर्याचे व्रत घेता येत नव्हते, यात्रेला जाता येत नव्हते.

१४१३ च्या उन्हाळ्यात नवरा-बायको यॉर्कहून परत येत होते. उकाड्याचा दिवस. तिच्या हातात बिअरची बाटली, त्याच्या कुशीत पाव. वाटेत एका क्रुसापाशी बसून दोघांनी वाटाघाट केली. नवऱ्याच्या अटी होत्या : एका पलंगावर झोपायचे, माझे कर्ज फेडायचे आणि शुक्रवारी उपवास न धरता माझ्यासोबत जेवायचे. तिने पहिली अट नाकारली, उरलेल्या दोन मान्य केल्या. त्या बदल्यात त्याने तिच्या शरीरावरचा हक्क सोडला. स्वतःच्या देहाची मालकी तिने अक्षरशः रोख पैसे मोजून विकत घेतली.

कोण खरे ठरवणार?

मार्जरी मोठमोठ्याने रडायची. चर्चमध्ये, रस्त्यात, येशूच्या दुःखाची आठवण झाली की धाय मोकलून रडायची. लोक म्हणत ढोंग आहे, दारूचा अंमल आहे, अंगात भूत आहे. आपले अनुभव खरे की भास, हे तपासण्यासाठी ती जाणत्या लोकांकडे गेली. नॉर्विचमध्ये ज्युलियन नावाची साधिका चर्चला लागून असलेल्या खोलीत स्वतःला कायमचे कोंडून घेऊन राहत होती. स्त्रीने इंग्रजीत लिहिलेले, आपल्याला माहीत असलेले पहिले पुस्तक या ज्युलियनचे. मार्जरी काही दिवस तिच्याशी बोलत राहिली. ज्युलियनने तिला धीर दिला आणि कसोटीही दिली : आतला आवाज माणसांच्या भल्याविरुद्ध जात नसेल तर त्यावर विश्वास ठेव, जगाच्या बोलण्याची फार पर्वा करू नकोस. एका बाईच्या अनुभवाला दुसऱ्या बाईने दिलेली ही मान्यता होती.

लंडनजवळ लॅम्बेथला ती खुद्द अरुंडेलला भेटली. त्याच्या वाड्यात त्याचे नोकर आणि पाद्री शिव्या-शपथा देत होते. तिने त्यांना तिथेच झापले. मग आर्चबिशपलाही सांगितले की तुमच्या माणसांच्या वागण्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. ज्याने सॉट्रीला दोषी ठरवले, तोच हा अरुंडेल. तरी त्याने तिचे ऐकून घेतले. बागेत आकाशात तारे दिसू लागेपर्यंत दोघे बोलत होते. त्याच वाड्यात एका बाईने मात्र हिला जाळायला हवे म्हणून शिव्याशाप दिले.

मग ती जेरुसलेमच्या यात्रेला निघाली. सोबतचे इंग्लिश यात्रेकरू तिच्या रडण्याला आणि बोलण्याला कंटाळले. त्यांनी तिचा झगा गुडघ्यापर्यंत कापला, वेड्यासारखे दिसावे म्हणून तिला जाडाभरडा पांढरा कपडा घालायला लावला, जेवताना मेजाच्या शेवटच्या टोकाला बसवले. पंगतीत कुणाला कुठे बसवायचे, यातून माणसाची लायकी ठरवण्याची रीत तिथेही होती. तरी ती जेरुसलेमला पोहोचली, रोमला गेली, तिथे जवळचे सगळे पैसे वाटून टाकून भीक मागून राहिली आणि १४१५ मध्ये परत आली.

१४१७ : खटल्यांचे वर्ष

स्पेनमधील सांतियागोची यात्रा करून परतताना लेस्टरमध्ये तिला पकडले. तिने महापौराला सांगितले की मी लिनच्या पाच वेळा महापौर झालेल्या माणसाची मुलगी आहे. महापौराने तिला लोलार्ड ठरवले. तू आमच्या बायका पळवून न्यायला आली आहेस, असा त्याचा आरोप होता. खरी भीती इथेच दिसते. एक बाई नवऱ्याशिवाय हिंडते हे पाहून आपल्या घरातल्या बायका काय विचार करतील? मला पुरुष कैद्यांमध्ये ठेवू नका, अशी तिने विनवणी केली, तेव्हा तुरुंगाच्या रखवालदाराने तिला स्वतःच्या घरी ठेवले. शहरातला एक मोठा अधिकारी तिच्याशी मुद्दाम लॅटिनमध्ये बोलला. तिने त्याला इंग्रजीत बोलायला सांगितले. मग त्याने तिला एकटीला खोलीत नेऊन अंगलट येण्याची धमकी दिली. ज्ञानाच्या भाषेने दबली नाही, तेव्हा शरीरावरून दबाव आणला. ती डगमगली नाही.

तिथून ती यॉर्कला आली आणि मग कॉवुडचा तो प्रसंग घडला. आर्चबिशपने श्रद्धेविषयी प्रश्न विचारले. तिने चर्चला मान्य अशीच उत्तरे दिली. मग तो म्हणाला की तू वाईट बाई आहेस असे माझ्या कानावर आले आहे. तिने उत्तर दिले की तुमच्याबद्दलही माझ्या कानावर तसेच आले आहे. माझ्या हद्दीत कुणाला शिकवणार नाहीस अशी शपथ घे, असा त्याने आग्रह धरला. तिने नकार दिला. एका पंडिताने ग्रंथ उघडून, स्त्रीने प्रवचन करू नये हे सेंट पॉलचे वचन दाखवले. ती म्हणाली, मी प्रवचन करतच नाही. मी व्यासपीठावर चढत नाही. मी फक्त बोलते, चार चांगल्या गोष्टी सांगते.

या उत्तरातली हुशारी पाहा. प्रवचनाची बंदी ती मोडत नाही. बोलणे ही माणसाची साधी गोष्ट आहे, ती तुमच्या कायद्यात बसत नाही, एवढेच ती सांगते. त्याच सभेत तिने एका दुराचारी पाद्र्याची गोष्ट सांगितली. नासपतीचे फुललेले झाड, त्याची फुले खाऊन मागून विष्ठा करणारे अस्वल, आणि या दृश्याचा अर्थ लागत नसलेला पाद्री. शेवटी त्याला उलगडते की झाडही तूच आणि अस्वलही तूच. आर्चबिशपने गोष्टीचे कौतुक केले. एका पंडिताने कबूल केले की ही गोष्ट मनाला टोचली. मग आर्चबिशपने एका माणसाला पाच शिलिंग देऊन तिला आपल्या हद्दीबाहेर पोहोचवायला सांगितले.

पुढे तिला परत पकडले. हेसल गावातून नेताना बायका हातात सूत काढायच्या काठ्या घेऊन घराबाहेर धावल्या आणि हिला जाळा म्हणून ओरडू लागल्या. त्यानंतर बेव्हर्ली गावात तिला माडीवरच्या खोलीत कोंडले. ती खिडकीत उभी राहून खाली जमलेल्यांना गोष्टी सांगू लागली आणि ऐकणाऱ्या बाया रडू लागल्या. घसा कोरडा पडला म्हणून तिने पाणी मागावे तसे प्यायला काही मागितले. किल्ली घरमालकाकडे होती. तेव्हा खालच्या एका बाईने शिडी लावली, खिडकीपर्यंत चढून वाइनचे भांडे आणि पेला दिला, आणि मालक आला की भांडे लपव असेही बजावले. जाळा म्हणणाऱ्याही बायाच होत्या आणि शिडी लावणारीही बाईच होती.

सेवा आणि शेवट

१४२१ मध्ये लिनचे गिल्डहॉल आगीत जळाले आणि आग चर्चकडे सरकू लागली. एरवी तिच्या रडण्याला शिव्या घालणारे लोक त्या दिवशी तिला मनसोक्त रडू देत होते. बर्फ पडले, आग विझली. संकट टळल्यावर शिव्या परत सुरू झाल्या.

साठी ओलांडलेला जॉन जिन्यावरून पडून डोक्याला जबर मार बसला, तेव्हा गाव म्हणाले की नवऱ्याला सोडून वेगळी राहणारी हीच दोषी. तिने त्याला घरी आणले. त्याला लहान मुलासारखे काही कळेना, अंथरुणातच सगळे होई. धुण्याचे, सरपणाचे कष्ट उपसत तिने त्याची अनेक वर्षे सेवा केली. तो १४३१ च्या सुमारास गेला. साठीच्या उंबरठ्यावर असताना ती विधवा सुनेला पोहोचवायला समुद्रमार्गे डान्झिगपर्यंत गेली आणि पायी चालत युरोप ओलांडून परत आली.

पुस्तक कुणाच्या हातात

आपले आयुष्य लिहून ठेवावे हे तिने ठरवले तेव्हा पहिली अडचण हीच की लिहिणार कोण? पहिला लेखनिक जर्मनीत राहिलेला इंग्लिश माणूस. बहुधा तिचाच मुलगा. त्याचे लिखाण धड इंग्रजी नव्हते, धड जर्मन नव्हते. तो वारला. एका पाद्र्याने मदत कबूल केली, पण गावात तिची बदनामी इतकी की त्याने भिऊन चार वर्षे काम टाळले. शेवटी १४३६ मध्ये त्याच पाद्र्याने जुने लिखाण तिच्याकडून तपासून घेत परत लिहायला घेतले. १४३८ मध्ये दुसरा भाग सुरू झाला. त्यानंतर मार्जरी नोंदींतून नाहीशी होते. इंग्रजीतले पहिले आत्मचरित्र म्हणून आज या पुस्तकाचा उल्लेख होतो. त्यात ती स्वतःला मी म्हणत नाही, ईश्वराने घडवलेला जीव म्हणते. बाथच्या बाईला चॉसरने घडवले. मार्जरीने मात्र स्वतःलाच पुस्तकातले पात्र केले.

पुढचे ऐका. १५०१ च्या सुमारास लंडनच्या विंकिन द वर्ड या मुद्रकाने तिच्या पुस्तकातील उतारे सात-आठ पानांत छापले. त्यात येशूचे बोलणे ठेवले. तिचे रडणे, भांडणे, धंदा, खटले, नवरा, सगळे गाळले. १५२१ च्या आवृत्तीत तर तिला कोठडीत कोंडून घेतलेली साधिका म्हटले. आयुष्यभर रस्त्यावर चाललेल्या बाईला छापखान्यात खोलीत बंद केले गेले. चारशे वर्षे जगाला तेवढीच मार्जरी माहीत होती. १९३४ मध्ये एका इंग्लिश कुटुंबाच्या घरात कपाट उपसताना पूर्ण हस्तलिखित सापडले. होप एमिली ॲलन या अभ्यासक स्त्रीने ते कुणाचे आहे हे ओळखले. १९४० मध्ये मूळ संहिता छापून आली.

आपल्यासाठी

मार्जरीला आपण डोक्यावर घेण्याचे कारण नाही. ती व्यापारी घराण्यातली होती, बापाच्या नावाचा तिला आधार होता, चर्चची मूळ चौकट तिने कधी नाकारली नाही. आपला अधिकार तिने ईश्वराच्या नावाने मागितला. आपल्या धम्मात त्याची गरज नाही. स्वतः अनुभवून, तपासून मगच स्वीकारा असे तथागतांनी सांगितले. थेरीगाथेतल्या भिक्खुणी, उखळ-मुसळातून आणि जाचातून सुटल्याचे सांगणाऱ्या मुत्तासारख्या बाया, कुणा देवाच्या हवाल्याने बोलत नाहीत, स्वतःच्या मुक्तीच्या अनुभवाने बोलतात.

पण एक प्रश्न आपल्याकडेही आहेच. बायांचे बोलणे शेवटी कुणाच्या हातून लिहिले गेले? बाबासाहेबांनी हिंदू स्त्रीच्या उन्नती आणि अवनतीवरच्या आपल्या लेखात हाच मुद्दा उचलला. बुद्धांच्या तोंडी घातलेले स्त्रियांविषयीचे काही कठोर उद्गार बुद्धांचे नाहीत, ते नंतरच्या भिक्खूंनी घुसडले, असे त्यांनी साधार मांडले. ग्रंथ कितीही पवित्र असो, तो कुणाच्या लेखणीतून आला हे विचारायला त्यांनी आपल्याला शिकवले.

आज आपल्या वस्तीत अशा आजी, मावश्या आहेत ज्यांनी १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढला, नामांतराच्या मोर्चात लाठ्या खाल्ल्या, ज्यांना घरातल्या मोठ्यांकडून १९५६ च्या दीक्षेच्या गोष्टी मिळाल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता येत नाही. आपल्या खिशात मोबाइल आहे, त्यात रेकॉर्डर आहे. पाद्र्याने चार वर्षे टाळले तसे आपण टाळू नये. आणि लिहून काढताना सात-आठ पानांचे साजूक उतारे करू नयेत. आजी भाषणातले सांगेल ते लिहा, तसेच नवऱ्याशी झालेले भांडण, बुडालेला धंदा, वस्तीतल्या पुढाऱ्याला तिने सुनावलेले बोलही लिहा. लिहून झाले की मार्जरीच्या लेखनिकाने केले तसे तिला ते वाचून दाखवा आणि ती जे बदलायला सांगेल ते बदला.